मारिया तेरेझा थालर

मारिया तेरेझा थालर : ऑस्ट्रियाचे चांदीचे व्यापारी नाणे. त्यावर साल १७८० असते. पण हाती आलेले नाणे खरोखर त्या वर्षी पाडलेले असण्याची शक्यता फारच थोडी. हाब्सबुर्ग राज्याची सम्राज्ञी मारिया तेरेझा (१७१७–८०) २९ नोव्हेंबर १७८० रोजी वारली. तिच्या मागे हेच नाणे, तोच मुखवटा आणि तेच साल ठेवून, व्हिएन्नापासून मुंबईपर्यंतच्या टांकसाळींनी पाडले. व्हिएन्नाची टांकसाळ आजही पाडते. देशोदेशीची नाणी जमवणारे पुष्कळ असतात. काहीजण मात्र हे एकच नाणे आयुष्यभर जमवतात.

‘थालर’ हे नाव बोहेमियातल्या योआखिम्सथाल या चांदीच्या खाणींच्या खोऱ्यावरून पडले. ‘डॉलर’ हा शब्दही त्याच खोऱ्यातला. वजन सुमारे २८.०७ ग्रॅम आणि शुद्धता ८३.३ टक्के, म्हणजे निव्वळ चांदी २३.३९ ग्रॅम. आपल्या मापाने जवळजवळ बरोबर दोन तोळे.

दर्शनी बाजूला सम्राज्ञीचा भरदार अर्धपुतळा आहे. पती फ्रान्सिस १७६५ मध्ये वारल्यावर तिने घेतलेला वैधव्याचा पडदा डोक्यावरून मागे उतरतो आणि खांद्यावर मोत्यांचे पदक आहे. मागे दुतोंडी गरुड व राजचिन्हे. बिरुदे लॅटिनमध्ये आणि इतकी तोडून लिहिलेली, की माहीतगाराखेरीज कोणाला लागू नयेत. खरी मेख कडेवर आहे. तिथे ‘न्याय आणि दया’ हे तिचे ब्रीद उठवलेले असते. कड तासून चांदी चोरली, तर अक्षरेच जातात आणि चोरी उघडी पडते.

तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनच्या कॉफीच्या व्यापारात आणि इथिओपियात, या नाण्याचा जम बसला तो असा. तिथल्या व्यापाऱ्याला व्हिएन्नाच्या गादीवर कोण आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. चेहरा ओळखीचा हवा, पदकातले मोती मोजून पुरे भरायला हवेत आणि नाणे झिजलेले नको. नवा छाप म्हणजे नवा संशय. म्हणून मेलेल्या राणीचे साल बदलले नाही. अरबस्तानात ते रियाल झाले, इथिओपियात ‘बिर’. तिथले आजचे चलनही त्याच नावाचे आहे. खुद्द ऑस्ट्रियात ते १८५८ मध्ये चलनातून गेले, बाहेर मात्र चालत राहिले. इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक याने १८९४ पासून स्वतःच्या मुद्रेची नाणी काढली, पण लोकांनी थालर सोडला नाही.

मुंबईचा संबंध दोनदा येतो. १८६७–६८ च्या ॲबिसिनिया (म्हणजे इथिओपिया) मोहिमेवर मुंबई सैन्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांची फौज इथूनच जहाजांनी गेली. वैरण, धान्य, खेचरे यांचे पैसे तिकडे थालरमध्येच मोजावे लागत, म्हणून व्हिएन्नाहून लाखो नाणी मागवली होती. पुढे १९३५ मध्ये इथिओपियावर चालून जाताना मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पाडायला घेतले. ऑस्ट्रियाकडून पुरवठा थांबल्यावर लंडन, पॅरिस व ब्रसेल्स यांनी आपले ठसे कोरले. १९४०–४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीनेही. गंमत अशी, की १९४० मध्येच हिंदुस्थानच्या रुपयातली चांदी सुमारे ९१.७ टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आणली गेली. घरचा रुपया निम्मा झाला, आणि त्याच टांकसाळीतून परक्या राणीचे नाणे मात्र पूर्वीच्याच कसाचे निघत होते.

कोणते नाणे कुठले, हे ओळखणे हाच या संग्रहाचा आनंद. गरुडाच्या शेपटीची पिसे, पदकातल्या मोत्यांची ठेवण, अक्षरांमधले अंतर, कडेवरची नक्षी असे बारकावे भिंगाखाली पाहून टांकसाळ आणि साधारण काळ ठरवतात. गुंतवणूक म्हणून पाहिले, तर अलीकडच्या पुनर्छापांना चांदीच्या भावाहून थोडेच जास्त मिळतात. ती घेणे म्हणजे चांदीच घेतली असे समजावे. सम्राज्ञीच्या हयातीतली आणि दुर्मीळ टांकसाळींची नाणी वेगळी मोजली जातात. विक्रेत्याने ‘अडीचशे वर्षांचे’ म्हटले, की आधी शेपटी पाहावी. चकाकी यावी म्हणून घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. आपल्याकडे व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटांना ‘पुतळ्या’ म्हणून माळेत ओवत. अरबस्तानात आणि इथिओपियात थालरचेही तसेच दागिने झाले. अशा कडी लावलेल्या, भोक पाडलेल्या नाण्यांना बाजारात कमी भाव येतो, तरी काही संग्राहक नेमकी तीच शोधतात.