जुना बोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि एजीपीची खाच

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपात मशिनला जोडलेला जुना पीसी अजून चालू असतो, कारण त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ९८ सोडून कशावर उठत नाही. तिकडं हौशी पोरं भंगारातून पेंटियम ३ उचलून जुने गेम लावतात. तक्रार दोघांची एकच. ग्राफिक्स कार्ड बदललं की डिस्प्ले येत नाही, आला तर तासाभरात हँग. राजारामपुरीत विचारलं तर आधी ड्रायव्हर, मग खोडरबरनं काँटॅक्ट पुसणं. त्यानं कधी भागतंही. पण दुखणं बहुतेक वेळा व्होल्टेजचं असतं.

४८६ प्रोसेसरच्या जमान्यातली व्हीएल-बस, म्हणजे तेव्हाचा कार्डाचा स्लॉट, थेट प्रोसेसरच्या बसवर (डेटाच्या वाटेवर) टांगलेली होती. बस ५० मेगाहर्ट्झला नेली की कार्ड अडखळायचं. पुढं आलेल्या पीसीआय स्लॉटनं कार्डं त्या बसपासून वेगळी करून ते निस्तरलं.

मग खास ग्राफिक्स कार्डासाठीचा स्लॉट आला, एजीपी. त्याचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९६ चं, बोर्ड १९९७ पासून. सिग्नल ३.३ व्होल्टचे, वेग १एक्स आणि २एक्स. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४एक्स आलं आणि त्यासाठी सिग्नल १.५ व्होल्टवर उतरवले. मधल्या काळातले बरेच बोर्ड दोन्ही चालवून घेत. कार्ड एका पिनवरून आपल्याला काय हवं ते सांगे आणि बोर्ड तेवढं व्होल्टेज देई.

खरा घोळ पेंटियम ४ च्या ८५० आणि ८४५ या चिपसेटनी (प्रोसेसर, मेमरी आणि कार्ड यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या मुख्य चिप) घातला. त्यांनी ३.३ व्होल्ट पूर्ण सोडलं, पण स्लॉट त्याच घराण्यातला ठेवला. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून राखण होती ती फक्त प्लास्टिकच्या आडकाठीची. कार्डाची ३.३ ची खाच पत्र्याच्या पट्टीजवळ, १.५ ची लांब. ज्याला दोन्ही चालतं त्यालाच दोन्ही खाचा. कागदावर चोख. पण टीएनटी२ एम६४ सारख्या स्वस्त चिपची काही कार्डं दोन्ही खाचा पाडून बाजारात आली आणि आतून होती निव्वळ ३.३ ची. कार्ड सुरळीत बसायचं, पॉवर दिली की ३.३ व्होल्ट सरळ चिपसेटमध्ये. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! चिपसेटवाल्यांची बाजू अशी की खाच ज्यानं चुकीची पाडली, दोष त्याचा. नियमानं बरोबरच आहे. तरीही बाजारात आधीची कार्डं ढिगानं असताना बोर्ड जाण्याइतकी जोखीम एका खाचेवर सोडणं मला पटत नाही. काही बोर्डवाल्यांनी पुढं स्वतःच्या खर्चानं सोय केली: ३.३ चं कार्ड दिसलं की लाल एलईडी पेटायचा आणि बोर्ड सुरूच व्हायचा नाही. म्हणजे ते करता येत होतं.

बोर्ड न जळता नुसता रडवणारे प्रकार वेगळे. सुपर सॉकेट ७ या जुन्या प्रोसेसर सॉकेटच्या काही बोर्डांवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर इतका अशक्त की टीएनटीसारखं खादाड कार्ड थ्रीडीत शिरलं की मशिन गपगार. पेंटियम ३ च्या ४४०बीएक्स चिपसेटवर १३३ मेगाहर्ट्झची बस चालवणारे पुष्कळ. त्याच्याकडं एजीपीसाठी भागाकार दोनच, पूर्ण किंवा दोन-तृतीयांश. त्यामुळं ६६ मेगाहर्ट्झच्या जागी कार्डाला ८९ मिळायचे. काही कार्डं ते मुकाट सोसायची, काही पहिल्याच गेमला माना टाकायची. त्यातच २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर पसरले. सॉकेटभोवती डोकी फुगलेली दिसली तर कार्डाला बोल लावण्यात अर्थ नाही.

२००४ ला एजीपीच्या जागी पीसीआय एक्सप्रेस आलं आणि खाचांचा प्रश्न संपला, तरी त्याच्या पहिल्या पिढीच्या काही बोर्डांवर त्याच्याच पुढच्या २.१ आवृत्तीची कार्डं काळा पडदा दाखवत. बायोस अपडेट मिळाला तर सुटायचं.

आता जुने बोर्ड जागवणाऱ्यांपुढं एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचं, नवं लचांड आहे. अ‍ॅथलॉन एक्सपी प्रोसेसरचे अनेक बोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, आणि आजचे एसएमपीएस सगळी ताकद १२ व्होल्टवर ठेवतात. डब्यावर ५०० वॅट छापलेलं बघून घेण्याआधी स्टिकरवर ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं.