पोट शांत आहे, आतडं शांत आहे का?

ठाण्याहून सीएसएमटीला जायला फास्ट लोकल असताना मुद्दाम स्लो धरणारी काही माणसं असतात. बसायला जागा मिळते म्हणून नव्हे. स्लो गाडी दर तीन-चार मिनिटांनी थांबते आणि लोकलच्या डब्यात संडास नसतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह, बळावलेल्या माणसाला कळ आल्यावर दम धरता येत नाही. त्याचा गुदाशय सुजून इतका चिडलेला असतो, की थोडासा मळ आणि आव साठवणंही त्याला जमत नाही. कोणत्या स्टेशनवरचं शौचालय बऱ्या अवस्थेत असतं, हे अशा माणसांना तोंडपाठ असतं.

मग औषधं लागू पडतात, रक्त थांबतं, दिवसाला दहा वेळा होणारी संडास दोनवर येते. माणूस पुन्हा फास्ट गाडी पकडू लागतो आणि घरचे म्हणतात, ‘सुटलास बाबा एकदाचा.’ वीस-तीस वर्षांच्या दुखण्याचा निकाल बराचसा याच निवांत काळात लागतो. त्रास नाही म्हणजे आजार नाही, हे गणित इथे चालत नाही.

आतड्याच्या या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. तो गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि बहुधा आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची आवडती जागा. तो मध्ये मध्ये निरोगी पट्टे सोडून पसरतो आणि भिंतीच्या आरपार जातो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी त्याचं वर्णन 1932 मध्ये छापलं. नाव मात्र एकट्या क्रोन यांचं चिकटलं, कारण लेखकांची यादी आडनावांच्या आद्याक्षरांनुसार होती.

दोन्ही आजारांत शरीराची संरक्षणयंत्रणा आतड्यातल्या जिवाणूंवर चाल करून जाते आणि काम संपल्यावरही माघार घेत नाही. कारणांत आनुवंशिकता, बदललेला आहार, लहानपणी घेतलेली अँटिबायोटिक्स अशा अनेक गोष्टी येतात. मिसळ त्यात नाही. आजार उसळलेला असताना तर्रीने त्रास वाढतो हे खरं, पण ठाण्यात राहून मिसळ खाल्ली म्हणून कुणाला कोलायटिस होत नाही. एकेकाळी हा गोऱ्यांचा आजार समजला जाई. जागतिक आजारभार अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात 1990 साली त्याचे सुमारे 1 लाख 30 हजार रुग्ण होते, ते 2019 पर्यंत 2 लाख 70 हजारांवर गेले.

पुढे काय होतं, हे नॉर्वेतल्या संशोधकांनी थेट रुग्णांनाच विचारलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला निदान झालेल्यांना दहा वर्षांनी चार आलेख दाखवले: त्रास सुरुवातीला जास्त आणि नंतर उतरणीला, हळूहळू वाढत जाणारा, कायम एकसारखा, आणि उसळी-उतार असा. तुमचा यातला कोणता? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या 55 टक्के रुग्णांनी पहिल्या आलेखावर बोट ठेवलं, क्रोन्सच्या 43 टक्के रुग्णांनी. सतत वाढत गेलेला त्रास फार थोड्यांनी सांगितला. नव्यानेच निदान झालेल्याने हे जरूर वाचावं, कारण गूगलवर रात्री दोन वाजता शोधल्यावर भलतंच हाती लागतं.

आता दुसरा आकडा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत क्रोन्सच्या रुग्णांची अनेक दशकं नोंद ठेवली गेली. निदानानंतर 90 दिवसांच्या आतच सुमारे 19 टक्क्यांच्या आतड्यात अरुंदपणा किंवा भगंदरासारखी आरपार वाट तयार झालेली होती. 20 वर्षांनी हे प्रमाण सुमारे 51 टक्के झालं. म्हणजे अनेकांच्या तक्रारी ओसरत असताना दुसरीकडे आतड्याची मोडतोड वाढतच होती.

हे कसं होतं? एखाद्याचा हात भाजला तर जखम भरते, पण कातडी आखडते आणि बोटं पूर्वीसारखी सरळ होत नाहीत. क्रोन्समध्ये आतड्याच्या भिंतीत नेमकं हेच घडतं. दाह झाला की दुरुस्ती करणाऱ्या पेशी कोलॅजेनचे धागे विणतात. दाह पुन्हा होतो, पुन्हा विणकाम. भिंत जाड आणि टणक होत जाते, मधला मार्ग निमुळता. सुरुवातीला काहीच कळत नाही, कारण लहान आतड्यातला अन्नरस पातळ असतो आणि चिंचोळ्या जागेतूनही निघून जातो. मग एक दिवस पेरू, मक्याचं कणीस किंवा भरपूर सालीची भाजी अडकते. पोट फुगतं, उलट्या होतात आणि रात्री कॅज्युअल्टी गाठावी लागते. घरच्यांना वाटतं, आजार काल उलटला. खरं तर त्याची तयारी चार-पाच वर्षं चालली होती.

दाह कमी करणारी औषधं आज भरपूर आहेत. हा तयार झालेला चट्टा विरघळवणारं औषध मात्र अजून हातात आलेलं नाही. फुग्याने जागा रुंद करता येते, नाही तर तेवढा तुकडा कापून जोडावा लागतो. तिथेही आजार संपत नाही. औषध न घेतल्यास बहुतेक रुग्णांत वर्षभरातच नव्या जोडाजवळ, बारीक का होईना, व्रण दिसू लागतात. म्हणून ऑपरेशननंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करतात, माणूस ठणठणीत असला तरी.

दर वेळी कोलोनोस्कोपीला कोण तयार होईल? आदल्या रात्रीचं ते खारट औषध लिटरच्या हिशेबात पिण्याची कल्पना नकोशीच. त्यामुळे शौचाच्या तपासणीतलं कॅलप्रोटेक्टिन फार उपयोगी पडतं. हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन आहे. आतड्यात दाह असला की या पेशी तिथे जमतात आणि प्रथिन मळात उतरतं. सुपारीएवढा नमुना डबीत दिला की लॅबमधून एक आकडा येतो. साधारण 50 च्या खाली असेल तर चिंता नाही, 250 च्या वर गेला तर आत काहीतरी धुमसतंय. अनेकदा त्रास सुरू होण्याच्या काही महिने आधीच तो चढू लागतो. 2017 च्या ‘कॅल्म’ (CALM) नावाच्या चाचणीत क्रोन्सच्या एका गटाची औषधं या आकड्यावर आणि रक्तातल्या सीआरपीवर (दाह असला की वाढणाऱ्या प्रथिनावर) लक्ष ठेवून वाढवली, तर दुसऱ्या गटाची मुख्यतः लक्षणांवरून. पहिल्या गटात आतडं भरून येण्याचं प्रमाण जास्त निघालं.

क्रोन्समध्ये सुरुवातीलाच जोर लावण्याकडे आता कल आहे. ब्रिटनमधल्या प्रोफाइल चाचणीचा निकाल 2024 मध्ये आला. नव्याने निदान झालेल्या क्रोन्सच्या रुग्णांना लगेच इन्फ्लिक्सिमॅब हे दाह रोखणारं जोरदार औषध आणि जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारं औषध दिलं, तेव्हा 48 आठवड्यांनी 79 टक्के रुग्ण स्टेरॉइड आणि ऑपरेशनशिवाय शांत होते. औषधं पायरीपायरीने वाढवत नेलेल्या गटात फक्त 15 टक्के.

आपल्याकडे मात्र मध्ये टीबी उभा राहतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स एकाच जागी, जवळजवळ एकाच रूपात भेटतात. बायोप्सीही कधी कधी ठाम सांगत नाही, म्हणून आधी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून पाहतात. ते चुकीचं नाही, कारण उलट चूक जिवावर बेतते. टीबी असताना इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. घोळ होतो तो पुढे. ‘ताप गेला, वजन वाढलं’ एवढ्यावर एकेटीचा कोर्स पूर्ण केला जातो. क्रोन्सच्या रुग्णालाही या औषधांनी थोडं बरं वाटू शकतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहिल्याशिवाय खरं कळत नाही. भरले नसतील तर रुग्णाने क्रोन्सच्या उपचाराचे मोलाचे महिने वाया घालवलेले असतात.

आणखी एक खोड म्हणजे स्टेरॉइडची. जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून प्रेडनिसोलोन आणायचं, आठ दिवसांत बरं वाटलं की बंद. परळच्या रुग्णालयाची वारी वाचते, रजा वाचते. उसळी दाबायला स्टेरॉइड उत्तम आहे, पण आजार शांत ठेवण्याचं काम ते करत नाही. वर हाडं ठिसूळ, साखर वर, डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षातून दोनदा स्टेरॉइड लागत असेल तर मूळ उपचार बदलायला हवा असाच त्याचा अर्थ. आता भारतात आजार शांत ठेवणारी, अडालिमुमॅबची देशी बनावटीची इंजेक्शनं आणि टोफासिटिनिबच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. स्वस्त नाहीत, पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा पर्याय बहुतेक घरांच्या विचारातही नव्हता.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अरुंदपणापेक्षा दुसरीच काळजी असते. वर्षानुवर्षं जळत राहिलेल्या अस्तराच्या पेशी सतत मरतात आणि नव्या तयार होतात. त्या धावपळीत डीएनएच्या चुका साचतात आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शक्यता वाढते. 2001 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला धोका 10 वर्षांनी 2 टक्के, 20 वर्षांनी 8 आणि 30 वर्षांनी 18 टक्के होता. नंतरच्या पाहण्यांत तो बराच कमी आढळला, आणि दाह आटोक्यात राहणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आजार गुदाशयापुरताच असेल तर वेगळ्या तपासण्यांची गरज सहसा नसते. जास्त पसरलेला असेल तर आठव्या वर्षापासून ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी करायची, शक्यतो रंग फवारून, कारण या कॅन्सरच्या आधीचे डाग सपाट असतात आणि सहज दिसत नाहीत. सोबत यकृताच्या पित्तनलिकांचा दाह असेल तर निदानापासूनच दरवर्षी.

ही आठ वर्षं निदानाच्या तारखेपासून नव्हे, पहिल्या लक्षणापासून मोजतात. समजा, कळव्यातल्या एका शिक्षिकेला 2016 मध्ये संडासातून रक्त गेलं, कुणीतरी मूळव्याध म्हणून मलम दिलं आणि कोलायटिसचं निदान 2020 मध्ये झालं. फाइलवरच्या तारखेने तिची पहिली तपासणी 2028 मध्ये येईल. खऱ्या हिशेबाने ती 2024 मध्येच व्हायला हवी होती. ती मलमाची चिठ्ठी घरात कुठे असेल तर फाइलला लावून डॉक्टरांना दाखवावी.