विचारणारा कोण, हे न पाहणारा राउटर

जर्मनीतल्या आखेन शहरात रेडटीम पेनटेस्टिंग नावाची कंपनी आहे. ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेत शिरून भोकं शोधून देणं, हा तिचा व्यवसाय. २०१८ मध्ये तिथल्या संशोधकांनी नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा आरव्ही३२० हा लहान कचेऱ्यांसाठीचा राउटर तपासायला घेतला. त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालतो, अर्थात लॉगिन करून. पण लॉगिनच्या पानावर न जाता एक ठरावीक पत्ता थेट मागितला, की हा राउटर स्वतःची अख्खी कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे सगळ्या सेटिंगची नोंद, हातात ठेवत होता. पासवर्ड नाही, काही नाही.

त्या फाइलमध्ये अ‍ॅडमिनच्या पासवर्डचा हॅश होता. हॅश म्हणजे पासवर्डचं दळलेलं पीठ समजा. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची ज्वारी परत होत नाही. म्हणून हॅश चोरीला गेला तरी मूळ पासवर्ड सहजी कळत नाही. इथे मात्र घोटाळा असा, की दळण ब्राउझरमध्येच व्हायचं आणि राउटरकडे पीठच पोचायचं. राउटर तेवढंच जुळवून बघायचा. म्हणजे ज्याच्या हाती पीठ लागलं, त्याला दाण्यांची गरजच उरली नाही. हॅश जसाच्या तसा पाठवला की लॉगिन झालं! बिघाड शोधण्यासाठी साठवलेली अंतर्गत माहितीसुद्धा याच प्रकारे उतरवता येत होती. ती कुलूपबंद होती खरी, पण त्या कुलपाची किल्ली राउटरच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेली होती.

अशा दोषाला ‘माहिती उघड करणारा दोष’ म्हणतात, आणि ऐकायला तो सौम्य वाटतो. काही मोडलं नाही, काही पुसलं गेलं नाही, नुसती एक फाइल वाचली गेली. माझं मत उलट आहे. याच राउटरमध्ये दुसरा एक दोष होता : लॉगिन केलेल्या माणसाला त्यातून राउटरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. लॉगिन हवं, म्हणून तो एकटा असता तर फारसा धोक्याचा नव्हता. पहिल्या दोषाने लॉगिन मिळवून दिलं आणि दोन्ही मिळून दार सताड उघडं झालं.

सिस्कोने जानेवारी २०१९ मध्ये दुरुस्ती जाहीर केली. त्यानंतर तीनच दिवसांनी बॅड पॅकेट्स या संस्थेने इंटरनेट धुंडाळून ९,६५७ राउटर अजून उघडे असल्याचं सांगितलं. त्याहून वाईट बातमी मार्चमध्ये आली. रेडटीमने दुरुस्ती तपासली, तर ‘कर्ल’ (curl) या वेबवरून फाइल मागवायच्या प्रसिद्ध साधनाकडून विनंती आली की राउटर नकार देत होता, इतकंच. कर्ल प्रत्येक विनंतीसोबत स्वतःचं नाव कळवतं. ते नाव बदलून ‘curl’ऐवजी नुसतं ‘kurl’ लिहिलं, तरी फाइल पुन्हा हजर. नाव कोणीही काहीही सांगू शकतं. तपासायचा होता तो अधिकार. नीट दुरुस्ती केलेलं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, नंतर आलं.

नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत हे इतकं जिव्हारी लागतं, कारण सगळं ठाऊक असणं हेच त्याचं काम आहे. कुठला स्विच (यंत्रं एकमेकांना जोडणारी पेटी) कुठे आहे, कोण कोणाशी जोडलंय, कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती चालते, सगळं. हा भोळेपणा जुना आहे. एसएनएमपी, म्हणजे यंत्रांची विचारपूस करण्याचा प्रोटोकॉल, १९८८चा. त्याच्या पहिल्या दोन पिढ्यांत पासवर्डच्या जागी ‘कम्युनिटी स्ट्रिंग’ असते. ती तारेवरून उघड्या अक्षरांत जाते, आणि कित्येक यंत्रांवर कारखान्यातून येतानाच ती ‘पब्लिक’ अशी ठेवलेली असते. चाचणीसाठी ठेवलेल्या एखाद्या जुन्या स्विचला ‘पब्लिक’ म्हणून विचारून पाहा. पडद्यावर ओळी धावू लागतात : मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, किती दिवसांपासून चालू आहे, शेजारच्या यंत्रांचे पत्ते. आणि ‘स्थान’ या रकान्यात कुणा अ‍ॅडमिनने स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेला मजला आणि खोली. आवृत्ती कळली की त्या आवृत्तीतले माहीत असलेले दोष कळतात, आणि पुढचं काम निम्मं होतं.

तिसऱ्या पिढीत ओळख पटवणं आणि कूटबद्ध करणं दोन्ही आलं, २००२ मध्ये ती पूर्ण मानक झाली. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआयला इशारा द्यावा लागला, की रशियाच्या गुप्तचर सेवेशी जोडलेले हॅकर एसएनएमपी आणि सिस्कोच्या स्मार्ट इन्स्टॉल या नवे स्विच आपोआप बसवून देणाऱ्या सोयीतला २०१८ पासून माहीत असलेला दोष वापरून अमेरिकेतल्या पायाभूत सेवांशी संबंधित हजारो यंत्रांच्या कॉन्फिगरेशन फाइल गोळा करताहेत. पुन्हा तीच फाइल.

आपल्या कचेरीतल्या किंवा सोसायटीच्या राउटरबाबत तीन गोष्टी बघायला अर्धा तास पुरतो. कारभाराचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतंय का? उघडत असेल तर ती सोय बंद करा. एसएनएमपी कोणी वापरतच नसेल तर तेही बंद करा, वापरत असेल तर तिसरी पिढी लावा. आणि कंपनीने त्या मॉडेलला नवं फर्मवेअर देणं थांबवलं असेल, तर पासवर्ड कितीही अवघड ठेवलेला असो, तो राउटर बदला.