एअर पिस्तूलचा सिलिंडर: भरणं आणि सांभाळणं

दहा मीटर एअर पिस्तूलच्या नळीखाली जाडजूड मार्करसारखी एक नळकांडी बसवलेली असते ना, तोच सिलिंडर. आत 200 बारपर्यंत दाबून भरलेली साधी हवा असते आणि 4.5 मिलिमीटरचा छर्रा त्याच हवेच्या जोरावर सुटतो. गाडीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, म्हणजे इथे त्याच्या जवळजवळ नव्वदपट दाब आहे, आणि तो हातात धरून डोळ्यासमोर आणायच्या वस्तूत आहे. एक चौरस सेंटिमीटर जागेवर 200 बार म्हणजे साधारण दोनशे किलोचा रेटा. त्यामुळे सिलिंडर भरणं हे काम दिसायला पंक्चरवाल्याकडे हवा मारण्यासारखं असलं तरी तसं ते नाही.

आधी हे असं नव्हतं. जुन्या पिस्तुलांत स्प्रिंग असायची, नंतर प्रत्येक गोळीआधी दांडा ओढून हवा दाबायची पिस्तुलं आली, मग ऐंशी-नव्वदच्या दशकात कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लोकप्रिय झाले आणि नव्वदच्या उत्तरार्धापासून दाबलेल्या हवेने त्यांना बाजूला सारलं. एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आलं 1988 साली, सोलला. कार्बन डायऑक्साइड मागे पडला तो मुख्यतः तापमानामुळे, कारण आत तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवामानानुसार बदलतो, 10 अंशाला 45 बारच्या आसपास, 20 अंशाला 57 आणि 30 अंशाला 72. सकाळच्या गारठ्यात झिरो केलेलं, म्हणजे नेम मध्यावर जुळवलेलं पिस्तूल दुपारी वेगळीकडे मारायला लागायचं. हवेला हा त्रास कमी, कारण आत रेग्युलेटर असतो, तो सिलिंडरमधला दाब बराच खाली आणून प्रत्येक गोळीला तेवढाच देतो, मग सिलिंडरमध्ये 190 असो की 110, छर्रा दीडशे मीटर प्रति सेकंदाच्या आसपासच जातो. साधारण 70-80 बारच्या खाली गेलं की मात्र रेग्युलेटरलाच पुरेसं मिळत नाही, गोळ्या खाली पडायला लागतात आणि नेमबाज बिचारा आपल्या ट्रिगरला दोष देत बसतो.

एका भरणीत किती गोळ्या निघतात हे मॉडेलवर आहे, पण दीडशेच्या पुढे सहसा निघतात. साठ गोळ्यांची मॅच आणि त्याआधी पंधरा मिनिटांच्या तयारीत झाडलेल्या सायटर, म्हणजे गुणांत न धरलेल्या अंदाजाच्या गोळ्या, धरल्या तरी एक भरणी आरामात पुरते, तरीही मॅचच्या सकाळी गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, बघून घ्यायचाच.

भरायचे रस्ते तीन. हातपंप, इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आणि स्कुबावाल्यांची मोठी टाकी. हातपंपाने 200 बार गाठता येतात, पण शेवटचे चाळीस-पन्नास बार अंगाचं वजन टाकून रेटावे लागतात, पंप तापतो, मध्येच थांबून गार होऊ द्यावा लागतो, आणि हवेतली ओल पिळून आत जाते ती वेगळीच. छोटे कॉम्प्रेसर सोयीचे असतात, फक्त त्यांना पाणी वेगळं करणारा फिल्टर पाहिजे आणि तो वेळेवर बदलायला पाहिजे, जो कोणी बदलत नाही. क्लबात बहुतेक टाकीच दिसते आणि खरं सांगायचं तर सगळ्यात स्वच्छ काम तिचंच, कारण पाणबुड्यांनी श्वासात घ्यायची हवा कोरडी आणि गाळलेली असते.

टाकीचा हिशेब सोपा आहे. समजा दहा लिटरची टाकी 300 बारला भरलेली आहे आणि पिस्तूलचा सिलिंडर 0.1 लिटरचा आहे, तो दरवेळी 100 वर आला की 200 ला नेताय. दर भरणीला दहा लिटर हवा लागते. टाकी 300 वरून 200 वर येईपर्यंत हजार लिटर हवा देते, म्हणजे शंभरेक भरण्या पूर्ण 200 च्या मिळतात. त्यानंतर टाकी रिकामी झाली असं नाही, फक्त टाकीत जेवढा दाब उरलाय त्याच्या वर सिलिंडर जाणार नाही, आधी 195, मग 190, असं हळूहळू खाली. सरावाला तेही चालतं.

प्रत्यक्ष भरताना टाकीचा व्हॉल्व्ह बंद असताना टाकी आणि सिलिंडर जोडणारा अडॅप्टर हाताने घट्ट बसवायचा, पान्हा लावायचा नाही, कारण गळती थांबवायचं काम ओ-रिंगचं, म्हणजे आतल्या रबरी कड्याचं आहे, आट्यांचं नाही. ओ-रिंग आधी बोटाने फिरवून बघायची, चीर पडलेली किंवा चपटी झालेली असेल तर तिथेच बदलायची. मग सिलिंडर अडॅप्टरमध्ये शेवटपर्यंत फिरवायचा, अर्धवट आट्यांवर कधीच नाही. अडकलेली हवा सोडायचा ब्लीड स्क्रू बंद. आता टाकीचा व्हॉल्व्ह किंचित, अगदी जेमतेम उघडायचा, बारीक सूं असा आवाज आला पाहिजे, फस्स नाही. काटा सावकाश चढतो. सिलिंडरवर तळहात ठेवलात तर तो कोमट होत जाताना कळतं, आणि गरम लागला तर समजायचं की घाई होतेय.

या घाईचा तोटा फक्त धोक्यापुरता नाही, हिशेबातही बसतो. दाबली की हवा तापते, आणि तापलेली हवा गेजवर जास्त दिसते. सिलिंडर 50 अंशाला पोचलेला असताना काट्याने 200 दाखवले आणि तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला, तर खोलीच्या 20 अंशाला तो गार झाल्यावर तिथे 181 च्या आसपासच उरतात. पहिल्यांदा भरणाऱ्याला हमखास वाटतं की सिलिंडर लीक आहे, मग तो ओ-रिंग बदलतो, पुन्हा झपकन भरतो, पुन्हा काटा उतरतो. लीक वगैरे काही नसतं. दोन-तीन टप्प्यांत, मध्ये मिनिटभर थांबून भरलं की काटा जागेवर राहतो. खरंच शंका असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी साबणाच्या पाण्याचा थेंब लावायचा, बुडबुडा आला तर लीक, नाही तर नाही, आणि थेंब पुसून कोरडा करायचा.

उलटी चूक 300 बारच्या टाकीवर होते. तिथे सिलिंडर 200 वर आपोआप थांबत नाही, थांबवायचं आपल्यालाच असतं, म्हणून नजर काट्यावर आणि हात व्हॉल्व्हवर, गप्पा नंतर. दाब मर्यादित करणारा रेग्युलेटर लावलेला असला तर बरंच. सिलिंडरच्या टोकाचा छोटा गेज अंदाजापुरता असतो, भरताना भरवसा टाकीवरच्या मोठ्या गेजवर ठेवायचा.

भरून झालं की आधी टाकी बंद, मग ब्लीड स्क्रू उघडून अडॅप्टरमध्ये अडकलेली हवा सोडायची, चटकन एक फटका ऐकू येतो, आणि मगच सिलिंडर काढायचा. सिलिंडरला स्वतःचा एकेरी व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे आतली हवा बाहेर येत नाही. हवा न सोडता काढायला गेलात तर तो हातात फिरतच नाही, आणि तेव्हा पक्कड शोधणारा माणूस ओ-रिंगही घालवतो आणि आटेही.

आत काय भरायचं नाही याबद्दल मात्र चर्चा नको. ऑक्सिजन तर कधीच नाही. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा अंशही मिळाला तरी तो पेटू शकतो. त्याच कारणाने आट्यांना आणि ओ-रिंगला साधं मशीनचं तेल लावत नाहीत, लागलंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. कार्बन डायऑक्साइडचे जुने सिलिंडर अजून काहींकडे असतात, त्यांत 200 बारची हवा भरायची नाही, ते त्या दाबासाठी बनवलेलेच नाहीत. त्यांचं भरणंही वेगळं, गेज बघून नव्हे, वजनकाट्यावर वजन करून, सिलिंडर आधी गार करून घेतात आणि वर लिहिलेल्या वजनापुढे जात नाहीत. पूर्ण द्रवाने गच्च भरलेला सिलिंडर थोडा जरी तापला तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि दाब एकदम भयानक वाढतो.

ठेवण्याचं म्हणाल तर ऊन आणि ओल एवढे दोन शत्रू. 20 अंशाला 200 बारने भरलेला सिलिंडर 60 अंशाच्या बंद गाडीत 227 पर्यंत जातो. चाचणीचा दाब बहुधा कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे 300 बार असतो, म्हणून तो लगेच फुटेल असं नाही, पण आधीच कोणीतरी 220 ला भरलेला, वरून जुना, असा सिलिंडर गाडीत सोडून जेवायला जाणं हा शहाणपणा नाही. पूर्ण रिकामाही ठेवू नये, थोडा दाब आत राहिला की धूळ आणि दमट हवा आत शिरत नाही. तोंडाला टोपण लावायचं, पडला की आटे आणि गेज तपासायचे. सराव संपल्यावर सिलिंडर पिस्तुलातून सैल करावा की तसाच ठेवावा यावर कंपन्यांची मतं वेगवेगळी आहेत, आपापलं मॅन्युअल बघावं. काढायचा तर आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री आणि नळी सुरक्षित दिशेला, कारण आत अडकलेल्या हवेवर एक गोळी सुटू शकते.

आणि तारीख. सिलिंडरवर उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेला असतो आणि बहुतेक कंपन्या त्यापुढे दहा वर्षंच वापरा म्हणतात. वरून चकचकीत दिसतोय म्हणून चालवू, हे इथे चालत नाही. रोज एकदा भरला तर दहा वर्षांत साडेतीन हजारांवर वेळा तो ताणला आणि सैल केला जातो, आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलसारखं त्याचं नसतं, कितीही कमी ताण असला तरी थकवा साचतच जातो. सिलिंडर मुदतीत असणं ही नेमबाजाचीच जबाबदारी, असं आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमातही आहे. मुदत संपलेला सिलिंडर नवशिक्याला स्वस्तात विकणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल न लिहिलेलंच बरं. मोठ्या टाक्यांचीही ठरावीक वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी होते, बऱ्याच देशांत दर पाच वर्षांनी, आणि तारीख गेली असेल तर टाकी भरून देणारा नाही म्हणतो.

विमानाने जाताना सिलिंडर पूर्ण रिकामा करून पिस्तुलापासून वेगळा न्यावा लागतो, रिकामा करायला छोटी पिन किंवा स्क्रूसारखं अवजार मिळतं, तेही सावकाशच, कारण हवा झपाट्याने सोडली की सिलिंडर बर्फासारखा गार पडतो आणि ओल धरतो. स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरायची सोय असते, पण आटे कंपनीप्रमाणे वेगळे असू शकतात, म्हणून आपला अडॅप्टर आणि दोन-चार जादा ओ-रिंगा बॅगेत टाकलेल्या बऱ्या.