बारशाच्या आत व्हावी अशी एक तपासणी

“बाळ फार गुणी आहे, रडत नाही, नुसते झोपून असते,” हे बाळंतिणीच्या खोलीतले कौतुक बहुतेक वेळा खरेच असते. क्वचित मात्र त्या शांतपणामागे थायरॉइड ग्रंथीचा जन्मजात दोष दडलेला असतो. ही ग्रंथी काही बाळांमध्ये तयारच झालेली नसते, काहींमध्ये ती चुकीच्या जागी असते, तर काहींमध्ये जागेवर असूनही पुरेसे संप्रेरक बनवत नाही. गर्भात असताना आईचे संप्रेरक वारेतून थोडेफार मिळत असल्याने असे बाळ जन्मतः इतरांसारखेच दिसते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, मोठी जीभ ही लक्षणे पुढे सावकाश उमटतात आणि तोवर मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात.

भारतात साधारणपणे हजार ते दीड हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. त्याचा शोध टाचेतल्या रक्ताच्या काही थेंबांतून लागतो. परिचारिका टाच कोमट करून तिच्या कडेला (मध्यभागी कधीच नाही) बारीक सुई टोचते, पहिला थेंब पुसून टाकते आणि पुढचे थेंब जाड टिपकागदावरच्या गोलांत असे टिपते की रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपावे. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्याच एका विकारासाठी ही टिपकागदाची पद्धत रूढ केली आणि पुढच्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात ती थायरॉइडसाठी वापरली गेली.

जन्मल्यावर लगेच प्रत्येक बाळाच्या रक्तात टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक; दोष असल्यास ते वाढलेले दिसते) एकदम वाढते, म्हणून पहिल्या दिवशीचा नमुना फसवा ठरू शकतो. ४८ ते ७२ तासांची वेळ उत्तम. लवकर घरी सोडत असतील तर नमुना कधी घेणार, हे आधीच विचारावे. काही रुग्णालये नाळेतले रक्तही तपासतात. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, आणि हे मला फार खटकते, कारण उपचार म्हणजे रोजची एक छोटीशी गोळी आहे. दोष पक्का झाल्यास ती पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, सुरू व्हायला हवी. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात द्यावी. बाटलीभर दुधात मिसळल्यास बाळाने दूध अर्धवट सोडले की औषधही अर्धवटच पोटात जाते.