कोफोरिडुआच्या मणीबाजारातला ‘जुना’ माल

घानात कोफोरिडुआला दर गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो. क्रोबो या स्थानिक समाजाच्या कारागिरांचे ताजे मणी, व्हेनिस-बोहेमियाचा जुना व्यापारी माल आणि भारत-चीनमधल्या नकला तिथे शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. भाव वयावर ठरतो, आणि वय विक्रेता सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ ‘अग्री’ मण्यांचा. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज व्यापारी बेनिन राज्याकडून (आजच्या नायजेरियात) ‘कोरी’ नावाचे निळे मणी घेऊन घानाच्या किनाऱ्यावरच्या एल्मिनाला सोन्याच्या बदल्यात विकत; ‘अग्री’ हे नाव सहसा याच मण्यांशी जोडतात. ते काचेचे होते, पोवळ्याचे की दगडाचे, यावर अजून वाद आहे. वरून निळे आणि उजेडासमोर धरले की हिरवट-पिवळे दिसणारे काचमणी हेच खरे कोरी, असे एक मत. नायजेरियातील इले-इफे येथे अकराव्या ते पंधराव्या शतकांत स्थानिक कच्च्या मालापासून काच बनत असल्याचे पुरावे मिळाले आहेत, त्यामुळे हे मत अधिक पटते. आफ्रिकेत फक्त परदेशी काच वितळवली जाई, हा जुना समज तिथे टिकत नाही. बाजारात मात्र कोणत्याही जुनाट मण्याला ‘अग्री’ म्हणतात. त्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

१८९२ मध्ये ब्रिटिशांनी क्रोबोंना त्यांच्या डोंगरावरून हुसकावले आणि मुली वयात आल्यावर होणाऱ्या दिपो विधीवर बंदी घातली. या विधीत मुली मण्यांच्या माळा घालतात. विधी टिकला, म्हणून मण्यांची मागणीही टिकली. क्रोबो मण्यांची कृती अशी: बाटल्यांची काच कुटून चाळायची, रंग मिसळायचा, पांढऱ्या मातीचा लेप दिलेल्या साच्यात भरायची आणि मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. वारुळाच्या मातीच्या भट्टीत देठ जळतो, भोक उरते. आच कमी पडली तर मणी रवाळ राहून कडेने झडतो. जास्त झाली तर तो ढासळतो आणि भोक बुजते. शेवटी वाळू-पाण्यात घासून गुळगुळीत करतात. भोकात पांढरी पूड दिसली तर मणी बहुधा नवा क्रोबो आहे. तो कमअस्सल नव्हे, फक्त त्याला शंभर वर्षांचा भाव देऊ नये.

व्हेनिसच्या शेवरॉनची, म्हणजे रंगीत काचेच्या थरांच्या पट्टेदार मण्यांची, परीक्षा टोकांवर करावी. पट्ट्यांच्या थरांतून तिथे तारा दिसतो. भारतातही नवे शेवरॉन बनतात, त्यामुळे तारा दिसला म्हणजे वय सिद्ध झाले असे नाही. खूप वापरलेल्या माळेत लगतचे मणी एकमेकांवर घासून टोके झिजतात आणि भोकाची कड गोलसर होते. नव्या मण्याची कड बोटाला बोचते. भोकात मुद्दाम चोळलेली लाल माती ओल्या कापसाच्या काडीला लगेच लागते. म्हणून माळ सोडवून दोन-चार मणी सुटे पाहू द्या म्हणावे. विक्रेता नाही म्हणाला तर नव्याच्याच भावाने बोलणी करावीत.