मंत्री विरोधी पक्षाचा, संमती सिनेटची : अमेरिकेतली मंजुरीची प्रक्रिया

अमेरिकेत मंत्रिपदासाठी कुणी अर्ज करत नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सिनेट (तिथल्या संसदेचं वरिष्ठ सभागृह) ते मंजूर करते किंवा फेटाळते. आपल्याकडे शपथ आधी होते आणि आमदार-खासदार व्हायला सहा महिने मिळतात. तिथे आधी झाडाझडती, मग शपथ.

पात्रता : राज्यघटनेत वय, शिक्षण, अनुभव यांची अटच नाही. संसदेचं सदस्यत्व मात्र सोडावं लागतं. लष्करी अधिकाऱ्याला संरक्षणमंत्री व्हायचं तर निवृत्तीनंतर ठरावीक वर्षं जावी लागतात, पण संसद तीही अट शिथिल करते. २०१७ मध्ये जेम्स मॅटिस आणि २०२१ मध्ये लॉइड ऑस्टिन यांना अशी सूट मिळाली.

कागदपत्रं : खरी परीक्षा इथे. सुरक्षा तपासणीचा शंभराहून जास्त पानांचा फॉर्म असतो. त्यात राहिलेले पत्ते, परदेशी ओळखीपाळखी, कर्ज, नशापाणी, सगळं आलं. त्यावरून एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा चौकशी करते. मिळकत, शेअर्स, देणी यांचं विवरणपत्र जनतेलाही बघता येतं. कोणते शेअर्स विकणार, कोणत्या विषयांपासून लांब राहणार, हे हमीपत्रात लिहून द्यावं लागतं. शिवाय त्या खात्याशी संबंधित सिनेट समितीची स्वतःची प्रश्नावली असतेच. अर्थ समिती तर प्राप्तिकराची विवरणपत्रंही मागते.

मग समितीपुढे सुनावणी, समितीचं मत आणि शेवटी सिनेटच्या सभागृहात मतदान. २०१३ पासून चर्चा थांबवून मतदान घ्यायलाही साधं बहुमत पुरतं. मतं समसमान पडली तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत निर्णायक. २०१७ मध्ये बेट्सी डेव्होस आणि २०२५ मध्ये पीट हेगसेथ असेच ५१-५० ने तरले.

विरोधी पक्षाच्या सिनेटरने असं नाव तोलायचं कसं, याचा नियम कुठेच लिहिलेला नाही. २००१ मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, या पदासाठी आलेल्या जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या नावावर डेमोक्रॅट पक्षात संताप होता. तरी त्याच पक्षाच्या रस फाइनगोल्ड यांनी त्यांच्या बाजूने मत दिलं. मतं पटत नसली तरी सहकारी निवडण्याचा हक्क राष्ट्राध्यक्षांचा, ही त्यांची भूमिका. मला ती बऱ्याच अंशी पटते. न्यायाधीश तहहयात बसतो. मंत्री सरकारबरोबर जातो. त्यामुळे 'आपल्या विचारांचा नाही' एवढ्यावर नकार देऊ नये. हितसंबंध लपवलेत का, शपथेवर खोटं बोलला का, बेकायदा आदेश आला तर नाही म्हणेल का, हे मात्र खोदून विचारावं. सुनावणीनंतर लेखी प्रश्नही पाठवता येतात, आणि कॅमेऱ्यासमोरच्या पाच मिनिटांपेक्षा त्यांची उत्तरं पुष्कळदा जास्त बोलतात.

नकार क्वचितच मिळतो. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी संरक्षणमंत्रिपदासाठी जॉन टॉवर यांचं नाव पाठवलं, तेव्हा सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅटांचं होतं. टॉवर स्वतः माजी सिनेटर, संरक्षणविषयक समितीचे माजी अध्यक्ष. पण दारू, बायका आणि शस्त्र कंपन्यांशी असलेले सल्लागारीचे संबंध यांवरून वादळ उठलं. एफबीआयचा अहवाल सिनेटरांनी बंद खोलीत वाचला. समितीचं मत ११-९ असं पक्षनिहाय विरोधात गेलं आणि ९ मार्चला सभागृहानेही ५३-४७ ने नाव फेटाळलं.

नाव फेटाळलं की राष्ट्राध्यक्ष दुसरं पाठवतात. बुश यांनी डिक चेनी यांचं पाठवलं. त्याच सिनेटने ते १७ मार्चला ९२-० ने मंजूर केलं.